एका ताटातली साखर

डॉक्टरांनी वही उघडून लॅबच्या रिपोर्टशेजारी ठेवली आणि दोन्हींवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"यातलं एक काहीतरी चुकतंय," त्या म्हणाल्या.

सोलापूरच्या सात रस्त्याजवळच्या त्या दवाखान्यात टेबलापलीकडे तिघं बसले होते. मधे मैंदर्गीचे कडधान्याचे व्यापारी तिप्पण्णा, यकृतात कॅन्सरची गाठ घेऊन. एका बाजूला त्यांची बायको अक्कम्मा, दुसऱ्या बाजूला मुलगा गुरुराज. तो सोलापुरातच शाळेत शिकवायचा आणि अप्पांची फाइल कुणाच्या हाती द्यायचा नाही.

गाठ कापून काढता येण्याजोगी होती, हेच नशीब. पण तिप्पण्णांना शुगर जुनी, बीपीही जुनं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं की ही दोन दुखणी ताब्यात नसली तर जखम भरत नाही, उरलेलं यकृत सावरत नाही आणि गाठ परत यायची भीती वाढते. बीपी गोळ्यांनी वठणीवर आलं. शुगर मात्र हट्टाला पेटली होती. अक्कम्मा रोज सकाळी घरच्या मशीनवर आकडा बघायची, वहीत लिहायची आणि फोटो गुरुराजला पाठवायची. दोनशे ऐंशी. तीनशे पाच. गेल्या महिन्यात ते आकडे बघून डॉक्टरांनी ऑपरेशनची ठरलेली तारीख रद्द केली आणि औषध वाढवण्याआधी लॅबमधून रक्त तपासून आणा म्हणाल्या.

तेव्हापासून गुरुराज रोज सकाळी फोनवर आईला फैलावर घ्यायचा. अप्पांना काय खायला घालतेस, जीव घेतेस का त्यांचा? शिकलेल्या मुलांना रागवायला आई हे हक्काचं ठिकाण. अक्कम्मा नुसतं हूं हूं करायची. तिनं गूळ बंद केला, भात बंद केला, शेंगाची पोळी तर घरातून हद्दपार केली. आकडा काही हलेना.

आणि आज लॅबचा रिपोर्ट म्हणत होता, उपाशीपोटी एकशे चौदा. तीन महिन्यांची सरासरीही चांगली.

मशीन बिघडलं असणार, गुरुराज म्हणाला. अक्कम्मानं ते पिशवीतून आणलंच होतं. डॉक्टरांनी तिप्पण्णांचं बोट टोचून थेंब घेतला. एकशे अठरा. मशीन ठणठणीत होतं. डॉक्टरांनी हात सोडला नाही, एकेक बोट उलटंपालटं करून बघितलं.

"रोज टोचता ना यांना? एक खूण नाही बोटांवर."

अक्कम्माचे हात हळूच पदराखाली गेले. ते गुरुराजनं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"ह्यांना सुई बघितली की घाम फुटतो," अक्कम्मा खालच्या आवाजात म्हणाली. "आमी एका ताटातलं खातो की. ह्यांचं झालं की त्याच ताटात मी वाढून घेती, लगीन झाल्यापासनं. चूल एक, ताट एक. मग साखर दुसरी कुठनं येईल? म्हणून माझंच बोट टोचलं. ह्यांना आधीच किती भोसकायचं?"

गुरुराज ताडकन उठला. एक महिना गेला, अव्वा, तुझ्या या शहाणपणापायी आख्खा महिना गेला, असं काहीबाही बोलत सुटला. डॉक्टरांनी त्याला बसवलं. नव्या स्कॅनमध्ये गाठ थोडी वाढली होती, तेही त्यांनी लपवलं नाही. पण अजून काढता येईल, म्हणाल्या. अक्कम्माच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते तिनं पुसलंही नाही.

"आता तरी तारीख देता की न्हाय?"

"देते. पुढच्या गुरुवारी."

अक्कम्मानं हात जोडले. डॉक्टर मात्र अजून वहीच चाळत होत्या, मागे मागे जात, पहिल्या पानापर्यंत.

"गुरुराज," त्या म्हणाल्या, "हे आकडे खोटे नाहीत."

त्याला समजायला वेळ लागला. दोन महिने रोज सकाळी आईची शुगर त्याच्या फोनवर येत होती, आणि गेला महिनाभर रोज तो तिलाच झापत होता. ती सारखी पाणी पिते, ब्लाउज ढगळ झालेत, हे त्यानं बघितलं होतं. काळजीनं होतं असं, म्हणून सोडून दिलं होतं.

डॉक्टरांनी अक्कम्माच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. एकशे नव्वद. दुसऱ्यांदा बघितलं, तेवढंच.

तिप्पण्णांनी घसा खाकरला. "गुरुवार ऱ्हाऊ द्या, बाई. आधी हिचं बघा."

"गप बसा," अक्कम्मा म्हणाली. आजवर नवऱ्याला चारचौघांत असं तिनं कधी म्हटलं नव्हतं. "गाठ थांबायची न्हाय. माझी साखर थांबलीच की इतके दिवस."

दोघांचंही होईल, डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी नवा कागद पुढे ओढला, वर अक्कम्माचं नाव लिहिलं आणि गुरुराजला विचारलं, "यांचं वय?"

अप्पांचे सगळे रिपोर्ट तोंडपाठ असलेला गुरुराज अप्पांकडे बघू लागला. अप्पा त्याच्याकडे बघत होते.