भरड सांगितली होती

नाईट ड्यूटी करून घरी आलं की मला पहिल्यांदा काय दिसायचं? खाट. आन् खाटेवर आमचे जॉर्ज, भिंतीकडं तोंड करून. त्यांची बियरची कंपनी बंद पडली तवापासून दोन वर्षं हेच चाललं होतं. आजारी म्हणाल तर न्हाई. मी नर्स हाय, शिरूरच्या दवाखान्यात जन्म गेला माझा. ताप, बीपी, शुगर, सगळं तपासून झालं. माणूस ठणठणीत. फक्त उठत न्हाई.

कंपनीत त्यांना म्याशचे जॉर्ज म्हणायचे. धान्य गरम पाण्यात मुरवायचं आन् त्याचा गोड रस काढायचा, हे त्यांचं खातं. बियरची सुरुवात तिथनं होती. आता घरात त्यांचं खातं कुठलंच न्हाई. भाकरी माझी, धुणं माझं, नळाला पाणी आलं की पळणं माझं, वर परत ड्यूटी. आमची इवा लग्न होऊन दौंडला गेलेली. ती फोनवर विचारायची, "पप्पा उठले का गं?" मी म्हणायची, "आत्ताच बाहेर गेलेत." खोटं बोलून बोलून जीव विटला माझा.

मग एक दिवस त्यांच्या जुन्या साहेबांचा फोन आला. पुण्यात हॉटेलातच ताजी बियर करून द्यायची असं काहीतरी नवीन निघालं होतं, आन् साहेब तसलं हॉटेल काढत होते. म्हणाले, मॉल्टचं पोतं पाठवतो, घरी थोडी करून दाखव, जमलं तर माझ्याकडंच कामाला ये. जॉर्जनी फोन ठेवला आन् खाटेवर उठून बसले. नुसते बसले हो, पण माझे डोळे भरून आले.

माझे वडील चर्चचे पाळक. आमच्या घरात दारूचं नाव काढलं तरी आई तोंड धुवायला लावायची. पण मी हात जोडून सांगितलं, प्रभू, तुला मला काय बोलायचं ते नंतर बोल, आधी या माणसाला खाटेवरनं उठव.

आता भांडं शोधायला सुरुवात झाली. जॉर्जचं म्हणणं, भरडलेला मॉल्ट आन् पाणी मिळून सदुसष्ट डिग्रीवर तासभर बसलं पाहिजे, ऊब हलता कामा नये. आन् खाली तोटी पाहिजे. शेजारच्या सावळारामनं दुधाचा क्यान आणून दिला. त्याचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे, यानं मात्र कोंबड्यांचं शेड टाकलंय. क्यानला गुंडाळायला म्हणून त्यानं वडलांचं घोंगडंही आणलं.

जॉर्जनी क्यान बोटानं वाजवला. "बुडातनं ऊब जाईल. आन् तोटी कुठं लावू, तुझ्या डोक्याला?"

मग भिगवणच्या माशांची थर्माकोलची पेटी झाली. ती तीनदा धुतली तरी माशाचाच वास येत होता. जॉर्ज परत खाटेकडं बघायला लागले. मला ती नजर ओळखीची. मी आतल्या खोलीत गेले, मांडणीखालनं निळा जार ओढून काढला आन् त्यांच्यापुढं ठेवला. दुहेरी भिंतीचा, पाणी गार ठेवणारा, खाली तोटी. चर्चच्या महिला मंडळाचा. दर रविवारी मीच भरून नेते, म्हणून माझ्या घरी असतो.

जॉर्ज माझ्याकडं बघतच राहिले. "कृपा, तू?"

"बघू नका. विचार बदलंल माझा."

गार राहायच्या भांड्यात गरम पण राहतं, हे त्यांनी उकळतं पाणी भरून तासभर पारखून घेतलं. मग माझी गहू चाळायची चाळण घेतली, कातरीनं कापली आन् जारच्या बुडात बसवली, म्हंजी रस खाली यावा आन् चोथा वर राहावा. चांगली नवी चाळण होती. पण ते गुडघ्यावर बसून काम करत होते, मग मी कशाला बोलतेय?

राहिला मॉल्ट दळायचा. मॉल्ट म्हंजी दुसरं काय, मोड आणून वाळवलेला सातू. जॉर्जनी मला चारचारदा बजावलं, "पीठ न्हाई करायचं. भरड. दाणा नुसता फुटला पाहिजे, साल अख्खी राहिली पाहिजे." मी ड्यूटीला जाता जाता अर्धं पोतं तुळजाबाईच्या गिरणीवर टाकलं. तिचा नवरा वारल्यापासनं ती एकटीच गिरणी चालवते. तिच्या सुनेचं बाळंतपण मीच केलंय. तिला मी स्पष्ट सांगितलं, "भरड काढ गं, भरड." ती म्हणाली, "व्हय सिस्टर, तुम्ही जावा."

दुसऱ्या दिवशी दुपारी जॉर्जनी पाणी तापवलं, दळण जारात ओतलं, ढवळलं, झाकण लावलं. तासानं तोटी फिरवली. थेंब आला न्हाई. फुंकलं, काडी घातली, जार हलवला. न्हाईच. झाकण काढून हात घातला तर आत खळ. पोस्टर चिकटवायची खळ असती तशी.

जॉर्जनी पोत्याचा तळ झटकला, चिमूट बोटात चोळली. "पीठ हाय हे. मैद्यासारखं." मग माझ्याकडं बघितलं. "मी काय सांगितलं होतं?"

"भरड सांगितली होती. मी पण भरडच सांगितली होती."

"जाऊ दे," ते म्हणाले. जारापासनं उठले आन् सरळ खाटेवर. तोंड भिंतीकडं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. "जाऊ दे म्हणायला तुम्हाला जड जात न्हाई! चर्चचा जार दिला, चाळण दिली, माझ्या बापाचं नाव बुडवलं! शेवटची झोपले कवा ते विचारलंय कधी? मला पण पडावंसं वाटतं! मी कुठं पडू? एकच खाट हाय या घरात, तिच्यावर तुम्ही!" असं बोलत गेले, आन् बोलता बोलता खाली बसून रडायला लागले. इतकी दमले होते की डोळे पुसायला पण हात उचलंना.

मग भिंतीकडनंच ते म्हणाले, "तूस पाहिजे."

"काय?"

"भाताचं तूस. कंपनीत म्याश अडला की तूस घालायचो. त्यातनं रसाला वाट होते." आन् ते उठून बसले. "सावळाराम शेडात कोंबड्यांखाली काय पसरतो गं?"

मी तोंड उघडायच्या आत ते दाराबाहेर. पायात चप्पल न्हाई, अंगात नुसती बनियन. बोळातनं पळत गेले. लोक बघत होते. बघू दे. आमचे जॉर्ज पळताना मी मुद्दाम दारात उभं राहून बघितले.

कोरं पोतं फोडून त्यांनी तूस आणलं, तीन पाण्यानं धुतलं, जारात कालवलं, थोडा वेळ बसू दिलं. तोटी फिरवली. आधी गढूळ धार आली, ती परत वर ओतली. मग चहासारखा तांबूस, स्वच्छ रस पडायला लागला आन् घरभर भाजलेल्या सातूचा वास सुटला. जॉर्जनी बोट बुडवून माझ्या जिभेला लावलं. गोड होता. अजून दारू झाली नव्हती, म्हणून मी थुंकले न्हाई.

जार मी राखेनं, साबणानं, लिंबानं धुतला. तरी रविवारी आत्ताच्या पाळकांच्या बाई म्हणाल्या, "कृपाबाई, आज पाण्याला सातूचा वास येतोय." मी म्हणाले, "ऊन वाढलंय ना, बाई." आन् दुसरीकडं बघत भजनाला सूर लावला.

रस उकळून, साहेबांनी दिलेलं खमीर घालून बियर तयार झाली तोवर महिना गेला. साहेब गाडी घेऊन आले, उभ्यानंच ग्लास तोंडाला लावला. डोळे मिटले. "जॉर्ज, हीच चव. तुझा हात गेला नाही." मग साहेबांनी ग्लास खाली ठेवला. मशीन बाहेरच्या देशातनं आलंय, म्हणाले. सगळं बटणावर चालतं. ते चालवायला मशीनवाल्यांचाच माणूस आलाय. पुढंमागं काही निघालं तर कळवतो.

"मग पोतं कशाला पाठवलंत?" मी विचारलं. "दोन वर्षांनी माणूस उठला होता माझा!"

साहेब किल्ल्या चाचपायला लागले. जॉर्ज म्हणाले, "कृपा, राहू दे." आवाज अगदी सपाट होता. साहेबांना ते गाडीपर्यंत सोडून आले आन् खाटेवर बसले. मला ड्यूटीला जायचं होतं. जाताना मी मागं वळून बघितलं न्हाई, कारण ते आडवे झालेले मला बघवलं नसतं.

सकाळी आले तर खाट रिकामी. चादर तशीच चुरगळलेली. मोरीत बघितलं, परसात बघितलं. मग माझी नजर सावळारामच्या विहिरीकडं गेली. नको नको ते मनात आलं.

"दाजी गिरणीवर हायत, बाई," सावळाराम कठड्यापलीकडनं म्हणाला. "उरलेलं पोतं घेऊन पहाटंच गेलेत. तुळजाबाईवर वरडायचा आवाज हितपर्यंत आला."

मी तशीच गिरणीवर गेले. गिरणी उघडून पडलेली. वरचा दगड बाजूला काढलेला आन् जॉर्ज मांडी घालून छिन्नीनं टाकी मारून त्याला खाचा पाडत होते. तुळजाबाई पदरानं डोळे पुसत उभी. "सिस्टर, जाडबारीक करायचं चाकच जाम हाय. मालक गेले तवापासनं. काय बी टाका, बारीकच पडतंय. न्हाई म्हणाले असते तर गिऱ्हाईक बोललं असतं, तुळजाबाईची गिरणी गेली."

"म्हणून माझ्या मॉल्टचं पीठ केलं तिनं," जॉर्ज मान वर न करता म्हणाले. "गंज चढलाय नुसता. तेल कोण घालणार? आता दुपारपर्यंत भरड बी निघंल आन् मैदा बी निघंल. उद्या पट्टा बघायचाय. परवा कोरेगावच्या गिरणीवाल्याला पण येतो म्हणालोय." त्यांच्या भुवया पिठानं पांढऱ्याफेक झालेल्या. मी तिथं उभी हाय हे त्यांच्या ध्यानात पण नसावं.

मी घरी आले. भाकरी करायची होती, नळाला पाणी येणार होतं. मी काही केलं न्हाई. चप्पल काढली, ती खाट झटकली आन् आडवी झाले. तोंड भिंतीकडं. भिंतीला पोपडे आलेत हे मला पहिल्यांदाच दिसलं.

उन्हं उतरल्यावर दार वाजलं. पिठाचा वास आला.

"कृपा? अगं, बरं न्हाई का? भाकरी न्हाई केलीस?"

"पीठ हाय ना अंगावर," मी म्हणाले. "तुम्हीच थापा." आन् डोळे न उघडता कूस बदलली.