पद्माकरकाकांचा कलर

सकाळपासून निशिकांतला एक धड पत्ता येत नव्हता. चांगला आला की बाकीचे खेळाडू पत्ते टाकून मोकळे, आणि फालतू आला की समोरचा हटकून अंगावर येणार. मूड तर दारातच गेला होता. सिंगापूरचा पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, म्हणून कॅसिनोत पाय ठेवायलाच वेगळी फी, आणि त्याच्या मागचा टूरिस्ट पासपोर्ट दाखवून फुकटात आत. इतकी वर्षं इथे टॅक्स भरल्याचं हे बक्षीस. चिडू नये तर काय करावं माणसाने?

बरं, आजचा दिवस हौसेचा असता तर सोडून दिलं असतं. नोकरी सोडून पोकर खेळायला त्याने बायकोकडून, सुलेखाकडून, एक वर्ष मागून घेतलं होतं आणि ते या स्पर्धेबरोबर संपत होतं. संध्याकाळी खेळ थांबेपर्यंत टेबलावर टिकला तर उद्याची फेरी, आणि तिथे पोचलेल्या प्रत्येकाला बक्षीस, म्हणजे आणखी एक वर्ष. नाही टिकला, तर सोमवारपासून जुन्या बँकेच्या आयटीत, ज्या मॅनेजरला नको नको ते सुनावून तो बाहेर पडला होता त्याच्याच हाताखाली. क्लेमेंटीच्या भाड्याच्या फ्लॅटचा गाडा वर्षभर एकटीने ओढूनही सुलेखा भांडली नव्हती. ठरलंय ना, मग ठरलं, एवढंच म्हणाली होती.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे शेजारच्या खुर्चीतले पद्माकरकाका. राहणार तोआ पायोह, नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलच्या अकाउंट्समधून रिटायर, आणि साठीची भेट म्हणून लेकीने, अनुयाने, स्पर्धेत नाव घालून दिलेलं. उभ्या जन्मात दिवाळीला घरात तीन पत्ती खेळलेला हा माणूस. शेजारी मराठी बोलणारं कुणीतरी आहे म्हटल्यावर काकांना कंठ फुटला. पुण्यात कुठे, मिसेस काय करतात, कोथिंबीर कुठून आणता. डाव चालू असताना टेबलावर इंग्रजीच बोलायचं असतं, म्हणजे कुणी कुणाला गुपचूप काही सांगू नये. डीलर मुलीने काकांना हे दोनदा बजावलं. काका "सॉरी, सॉरी" म्हणायचे आणि लगेच निशिकांतकडे झुकून, "कडक आहे हो पोरगी."

निशिकांतचं डोकं उठलं होतं. पण आपल्या माणसाला, तेही वडिलांच्या वयाच्या, गप्प बसा म्हणणार कसं? तो आपला "हो काका" म्हणत दात-ओठ खात राहिला.

दुपार कलल्यावर एकदाचा पत्ता आला. हातात दोन राण्या, आणि टेबलावर सर्वांसाठी मांडलेल्या पाच पत्त्यांत तिसरी राणी. एकेक जण गळाला आणि डावात उरले तो आणि काका. टेबलावर तीन पत्ते चौकटचे होते, तेवढीच काय ती धास्ती. हातात दोन चौकट असलेल्या माणसाचा कलर होतो, आणि कलर तीन राण्यांना मारतो. शेवटचा पत्ता पडताच काकांनी चिपांचा भला मोठा ढीग पुढे सरकवला. निशिकांतने बराच विचार केला आणि तेवढ्याच चिपा पुढे ढकलल्या. जवळजवळ सगळ्याच गेल्या त्यात.

"कलर लागला हो माझा," काका हळूच, अगदी ओशाळून म्हणाले.

निशिकांतने एक उसासा टाकला आणि आपले पत्ते पालथे डीलरकडे भिरकावून दिले. आता हा पोकरचा व्यावसायिक खेळाडू म्हणवणारा माणूस. समोरच्याचे पत्ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय आपले सोडायचे नाहीत, हे त्याला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. पण कानावर मराठी पडलं, काकांच्या तोंडून पडलं, आणि हा घरच्या दिवाळीत जाऊन बसला. तिथे कोण कुणाचे पत्ते तपासतं? मोठ्यांनी कलर म्हटलं की कलर.

काकांनी मग पत्ते उलटले. एक्का चौकटचा होता. नव्वी बदामची.

"No flush, uncle. That one heart lah," पलीकडची मलेशियन बाई म्हणाली.

काकांनी चष्मा वर केला, पत्ता डोळ्यांशी नेला आणि त्यांचा चेहरा पडला. निशिकांत उठून उभा राहिला. तीन राण्या होत्या, माझ्या तीन राण्या होत्या, असं तो म्हणत राहिला, पण त्याचे पत्ते टाकलेल्या ढिगात मिसळून गेले होते. कॅसिनोचा मॅनेजर आला. ज्याचे पत्ते टेबलावर त्याचा डाव, म्हणाला. त्यांनी मला कलर सांगितला, निशिकांत म्हणाला. मॅनेजरने डीलरकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. मराठीतलं ते तिला कळलंच नव्हतं. काकांनी चिपा परत सरकवायला हात घातला तर मॅनेजरने तोही अडवला. चिपा देता येत नाहीत, पुन्हा केलंत तर दोघेही बाहेर.

पुढचे दोन तास निशिकांतने उरलेल्या मूठभर चिपांवर काढले. रडत-कुढत, काकांकडे न बघता. काकाही आता गप्प होते. सकाळी ज्यासाठी जीव टाकला ती शांतता मिळाली, आणि आता तीही सहन होईना. खेळ थांबायला थोडाच वेळ उरला असताना त्याला एक्का-राजा आला. त्याने सगळ्या चिपा लावल्या. एकामागून एक सगळ्यांनी पत्ते टाकले. शेवटी उरले काका. त्यांनी टाकले की डाव सुरू होताना सगळ्यांनी लावलेल्या मधल्या चिपा याच्या, आणि तेवढ्यावर उद्याची फेरी आरामात गाठता आली असती.

काकांनी आपले पत्ते धड पाहिलेही नाहीत. निशिकांतकडे बघून हळूच मान हलवली आणि म्हणाले, "Call." म्हणजे तेवढ्याच चिपा माझ्याही.

पत्ते उलटले. काकांकडे सत्ती-दुर्री. पोकरमध्ये याच्याइतका दळभद्री हात नाही. काका चक्क हरायला बसले होते. घ्या, तुमचं तुम्हाला परत, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. टेबलावर पाच पत्ते पडले. एक्का नाही, राजा नाही. चौथा पत्ता सत्ती, म्हणजे काकांची जोडी, आणि डाव काकांचा.

"अहो, मी तर तुम्हाला परत द्यायला..." काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

निशिकांतला टेबल उलथून टाकावंसं वाटत होतं. तुम्हाला कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला, असं ओरडावंसं वाटत होतं. त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे काका. खेळा तुम्ही," म्हणाला आणि बाहेर पडला.

बाहेर येऊन त्याने सुलेखाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. वाढत्या आवाजात, राणीन्‌राणी मोजून. आता हिने एकदा तरी म्हणावं, मी सांगत नव्हते? मग निदान हिच्यावर तरी ओरडता येईल.

सुलेखा शेवटपर्यंत ऐकत राहिली. "सोमवारी जायचं मग," ती हळूच म्हणाली. आणि मग, "त्या काकांना फार लागलं असेल रे. तू काही बोलला नाहीस ना त्यांना?"

"नाही," निशिकांत म्हणाला, आणि हिच्यावर ओरडायचं राहूनच गेलं.