एकाच कोपऱ्याची नक्षी

मित्रांनो, कागदाचे कोपरे कापणारा एक जुना पोलादी साचा, एवढीच माझी ओळख. लांबीने मी तुमच्या मधल्या बोटाएवढा. एका टोकाला महिरपीच्या आकाराचे पाते, दुसरे टोक हातोडीचे घाव खाऊन चपटे झालेले. धारमध्ये एका पत्र्याच्या पेटीत, चिंध्यांच्या खाली माझा मुक्काम आहे. परवा पेटी आवरताना कोणीतरी मला खिळा समजून बाजूला टाकले. मला राग आला नाही. कोणत्याही खिळ्याने कोणाचे एवढे वाईट केले नसेल, जेवढे माझ्या हातून झाले. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म धारच्याच गणपत लोहाराच्या भट्टीत झाला. साल एकोणीसशे तीन किंवा चार असेल. लोखंडाला तिथी-वार कुठून लक्षात राहणार? त्याआधी मी एक कानस होतो. दात झिजून निकामी झाल्यावर गणपतने मला तापवले, ठोकले, पाण्यात बुडवले आणि घासून घासून पाते काढले. मला घडवून घेणारे गृहस्थ होते भगवंतराव. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले होते. ते स्वतः पुस्तके नि पोथ्या बांधायचे काम करत. गणपतने मला त्यांच्या तळहातावर ठेवले.

"भिया, पोलाद अच्छं आहे," तो म्हणाला. "पण कागदाला गरीब समजू नका. तो लाकडापेक्षा जल्दी धार खातो. महिन्यातून एक बार माझ्याकडे आणत जा."

"आणीन की," भगवंतराव म्हणाले, आणि पहिली काही वर्षे त्यांनी खरोखरच आणले.

कार्डांची कल्पना मात्र त्यांच्या पत्नीची, उमाबाईंची. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून लावतात तो अबरीचा कागद तुम्ही पाहिला असेल. पाण्यावर रंग सोडायचे, त्यावर अलगद कागद टेकवायचा नि उचलायचा. मग त्यावर रंगांच्या लाटा उठतात. बांधणीतून त्याच्या पट्ट्या उरत. उमाबाईंना त्या फेकवेनात. जाड कागदाचे कार्ड कापून त्याच्या एका बाजूला त्या अबरीची चौकट चिकटवत, मधोमध लाकडी ठशाने आळत्याच्या रंगात पोपट नाहीतर हलव्याची वाटी उमटवत. खाली भगवंतराव 'तिळगूळ घ्या, गोड बोला' असे वळणदार अक्षरात लिहीत. दुसरी बाजू पत्त्यासाठी कोरी असे. तिकीट लावले की कार्ड टपालात जायला मोकळे.

सगळ्यांत शेवटी माझी पाळी यायची. शिशाच्या पत्र्यावर कार्ड ठेवून उमाबाई मला कोपऱ्यावर उभा धरत आणि लाकडी हातोडीचा एकच घाव घालत. टक्! कोपऱ्याला इतकी सुबक महिरप यायची की, खोटे कशाला सांगू, मी फुशारून जायचो. संक्रांत जवळ आली की सरदारांच्या घरांतून गडी कार्डे न्यायला येत. लोक तोंडाने पोपटाचे कौतुक करत, पण त्यांचे बोट फिरायचे ते माझ्या कोपऱ्यावरून.

उमाबाईंचा एक नियम होता. कापायचे तर चारही कोपरे, नाहीतर एकही नाही. तुम्हाला आता ठाऊक नसेल म्हणून सांगतो. त्या काळी कोणी वारले की नातेवाइकांना कार्ड धाडत, आणि त्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असे. तसले कार्ड घरात आणत नसत. उंबऱ्याबाहेरच वाचायचे, तिथेच फाडून टाकायचे आणि आंघोळ करायची. पुष्कळदा लोक वाचतही नसत. कोपरा गेलेला आणि गावाचे नाव, एवढ्यावरून काय ते समजायचे.

उमाबाईंचे माहेर देवासचे. तिथे तेव्हा दोन राजांच्या दोन पात्या, म्हणजे राज्याच्या दोन वाटण्या, होत्या. त्यांतल्या थोरल्या पातीत त्यांचे भाऊ बळवंतराव कारकून होते, आणि म्हातारी आई भवानीबाई त्यांच्याजवळ राहत. बळवंतरावांनी मुलीचे लग्न काढले, तेव्हा बहिणीच्या घरी अक्षत घेऊन स्वतः यायला हवे होते. ते नाही तर निदान घरचे माणूस पाठवायला हवे होते. पण धावपळीत त्यांनी टपालाने कार्ड धाडून दिले.

"आम्ही काय परके आहोत, कार्डावर बोलावणं करायला?" भगवंतराव म्हणाले, आणि लग्नाला कोणी गेले नाही. सख्खी आत्या मांडवात नाही, हे बळवंतरावांच्या जिव्हारी लागले. मग इकडून पत्र नाही, तिकडून पत्र नाही. असा सात वर्षे अबोला चालला. भाऊ असूनही उमाबाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळत.

सातव्या वर्षी पौष महिन्यात देवासहून जमुनाबाई नावाच्या ओळखीच्या बाई आल्या. त्या म्हणाल्या, "उमाबाई, तुमच्या आईची नजर पार गेली हो. दिनभर दाराशी उन्हात बसलेल्या असतात. 'माझी दोन्ही लेकरं एकमेकांशी बोललेली एकदा ऐकते, मग देवानं खुशाल न्यावं,' हेच सारखं चाललेलं असतं त्यांचं."

त्या दिवशी उमाबाईंनी ठरवले. संक्रांतीला दादाला कार्ड पाठवायचे. मानपान गेला खड्ड्यात, पहिला शब्द आपण टाकायचा.

पण मित्रांनो, तोवर माझी काय दशा झाली होती! वर्ष होऊन गेले होते मला धार लागून. भगवंतरावांना कामे वाढली होती. उमाबाई म्हणत, "अहो, साच्याला धार लावून आणा ना." ते म्हणत, "उद्या नेतो." त्यांचा उद्या काही उजाडला नाही. आळशी माणूस नव्हता तो. पण माझ्यासारखी लहान वस्तू रोज डोळ्यांसमोर असली की तिचे दुखणे दिसेनासे होते.

उमाबाईंनी निळ्या-तांबड्या अबरीचा सगळ्यांत देखणा तुकडा त्या कार्डाला लावला. ठसा दोनदा कोऱ्या कागदावर उमटवून पाहिला आणि मग कार्डावर टेकवला. भगवंतरावांनी बळवंतरावांचा पत्ता मोडीत लिहून दिला, तिकीटही चिकटवले. मग उमाबाईंनी मला कोपऱ्यावर उभे केले. घाव बसला. मी कापले नाही. कागदात नुसता रुतलो. दुसरा घाव बसला, तेव्हा कागदाचे तंतू ओढत, ओरबाडत मी कसाबसा खाली उतरलो. तो कोपरा कापलेला दिसत नव्हता. तो फाडलेला दिसत होता.

"काय रे हे," उमाबाई मला म्हणाल्या. रागावल्या नाहीत, पण मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यांनी कार्ड फळीवर ठेवले, त्यावर मला ठेवले. त्याच दुपारी त्यांना सरदारपूरला निघायचे होते. भगवंतरावांची बहीण तिथे बाळंत झाली होती. निघताना त्यांनी दारातून बजावले, "मी येईपर्यंत साच्याला धार लावून ठेवा. त्या कार्डाचं नंतर बघते मी."

"हो, हो," आतून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी भगवंतरावांची नजर फळीवर गेली. मला उचलून त्यांनी कार्ड हातात घेतले. त्यांना वाटले, बायकोचा धीर ऐनवेळी सुटला. संक्रांत चार-पाच दिवसांवर आलेली. "माझ्याच बोलण्यानं भावाबहिणीत पडलं," ते पुटपुटले. कोपरा त्यांनी पाहिला का? पाहिला. त्यावरून अंगठाही फिरवला. पण घरात दिवसरात्र कापलेले कोपरे बघणारा माणूस तो. त्याच्या लेखी कापलेला कोपरा म्हणजे नक्षी. नक्षी एकाच कोपऱ्याला आहे, जराशी ओबडधोबड आहे, तर असू दे, एवढेच त्यांच्या मनात आले. हसतमुखाने ते गेले आणि कार्ड टपालपेटीत टाकून आले. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पोलादाला आवाज फुटतो तो फक्त घाव बसल्यावर.

पुढचे सगळे मला नंतर कळले.

देवासला भवानीबाई नेहमीप्रमाणे दाराबाहेर उन्हात बसल्या होत्या. टपालवाला म्हणाला, "माजी, धार को कारड आयो है," आणि त्यांच्या हातात कार्ड ठेवून, दुसरा शब्द न बोलता पुढे गेला. तोही कोपरा बघूनच घाईत होता. भवानीबाईंनी चारही बाजूंनी बोटे फिरवली. एक कोपरा नव्हता, आणि त्याची कड खरखरीत होती. धारला त्यांचे दुसरे कोण होते? त्यांनी ते कार्ड तिथल्या तिथे फाडले, मोरीच्या वाहत्या पाण्यात टाकले आणि हंबरडा फोडला. बळवंतराव धावत बाहेर आले, तोवर अबरीचे रंग पाझरून पाण्यात गेले होते. पत्त्याचा एक तुकडा तेवढा दगडाला अडकला होता. अक्षर मेहुण्यांचे. म्हणजे मेहुणे आहेत, आणि बहीण गेली.

उमाबाई सरदारपूरहून परतल्या त्या बरोबर संक्रांतीच्या सकाळी. पाय धुवायला त्या मागच्या दारी गेल्या होत्या, तेवढ्यात पुढच्या दाराशी टांगा थांबला. दाढी वाढलेले, डोळे सुजलेले बळवंतराव उतरले. काखेत एक गाठोडे होते. भगवंतराव आनंदाने पुढे झाले, तर बळवंतरावांनी दारातच त्यांचे दोन्ही हात धरले.

"भगवंतराव, आजारी होती तर मला आधी का नाही कळवलंत हो? मी काय आलो नसतो? एवढा का मी वैरी?"

"कोण आजारी?" भगवंतराव गोंधळून म्हणाले.

"कोण आलंय हो?" म्हणत उमाबाई हातात तांब्या घेऊन बाहेर आल्या.

बळवंतरावांच्या काखेतले गाठोडे गळून पडले आणि उंबऱ्यावर एक हिरवेगार नऊवारी लुगडे उलगडले. "उमे?" ते म्हणाले. उमाबाईंनी तांब्या टाकला. सात वर्षांचे रडणे भाऊबहीण एकदम रडले. मी फळीवरून पाहत होतो आणि क्षणभर मला वाटले, झाले ते चांगलेच झाले.

मग बळवंतरावांनी कार्डाचे सांगितले. लुगड्याचेही सांगितले. भांडण झाले त्या वर्षीच्या भाऊबीजेला ते बहिणीसाठी घेतले होते, आणि हट्टापायी पाठवायचे राहिले होते. "आईनं स्वतःच्या हातानं ट्रंकेतून काढलं. म्हणाली, सरणावर नाही पोचलं, निदान तेराव्याला तरी माहेरचं लुगडं पोचू दे तिला."

"आई कशी आहे?" उमाबाईंनी विचारले.

बळवंतरावांनी तेही सांगितले. बातमी कळल्यावर म्हातारीने कोणाचे न ऐकता थंड पाण्याने आंघोळ केली होती. माळव्यातली पौषातली थंडी ती. त्याच संध्याकाळी ताप भरला.

उमाबाईंनी फळीकडे पाहिले. कार्ड नव्हते. मी होतो, तसाच बोथट. त्यांनी नवऱ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हटले, "धार लावायला सांगितलं होतं मी." त्यानंतर हा विषय त्यांनी जन्मात पुन्हा काढला नाही. भगवंतराव त्या एका वाक्याने दहा वर्षांनी म्हातारे झाले.

त्याच टांग्याने सगळी निघाली. निघताना उमाबाईंनी ते हिरवे लुगडे नेसायला घेतले. भगवंतराव चाचरत म्हणाले, "अगं, ते कशासाठी आणलेलं..."

"तिनं पाठवलंय. डोळ्यांनी नाही तर नाही, तिच्या हाताला काठ तरी लागू दे."

तिथेच शेवटची चूक झाली, मित्रांनो, आणि ती नुसत्या मायेपोटी झाली. इंदूरवरून ती दुसऱ्या दिवशी देवासला पोचली, तेव्हा भवानीबाई तापाने फणफणल्या होत्या. उमाबाई अंथरुणाशी बसल्या, त्यांनी आईचा हात हातात घेतला. म्हातारीची बोटे सरकत सरकत लुगड्याच्या काठावर गेली. चाचपून तिने तो काठ ओळखला.

"पोचलं ग तुला लुगडं," ती म्हणाली. "मला न्यायला आलीस?"

"आई, मी जिवंत आहे ग! हात बघ माझा, गरम आहे."

"आई, उमी खरंच आलीय," बळवंतराव रडत म्हणाले. "आम्ही बोलतो आता. ऐक ना, आम्ही दोघं बोलतोय!"

"माझ्या समाधानासाठी खोटं बोलू नको रे बाळा," म्हातारी हसून म्हणाली.

तीन दिवस दोघे तिच्या उशाशी बसून होते. लहानपणीच्या गोष्टी काढून, एकमेकांना हाका मारून मोठमोठ्याने बोलत होते. ज्या बोलण्यासाठी तिने सात वर्षे कान लावले होते, ते सारे तिच्या कानावर पडत होते. तिसऱ्या दिवशी ती गेली.

परत आल्यावर उमाबाईंनी हे जमुनाबाईंना सांगितले, तेव्हा मी फळीवरच होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी भगवंतराव मला गणपतकडे घेऊन गेले. अशी धार गणपतने मला जन्मात लावली नव्हती. भगवंतरावांनी मला उमाबाईंपुढे ठेवले. त्यांनी मला फडक्यात गुंडाळले आणि या पेटीत ठेवून दिले. त्या घरात पुन्हा कार्डे झाली नाहीत. बळवंतराव मात्र दर संक्रांतीला हलव्याची पुडी घेऊन स्वतः धारला येत. पेटीतून मला त्यांचा आवाज ऐकू यायचा. ती धार एकाही कागदाला न लागता गंजून गेली.

मित्रांनो, हाताशी असलेल्या वस्तूंची निगा राखा, त्यांना धार लावायची तर आजच लावा, हे मी सांगणारच. तो आम्हा मुक्या वस्तूंचा हक्क आहे. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. ज्याच्याशी तुमचा अबोला असेल, त्याला कार्ड पाठवू नका, कितीही सुंदर असले तरी. कार्डांवर जगलेला मी हे सांगतो आहे. उठा आणि स्वतः जा, त्याचे डोळे शाबूत आहेत तोवर जा. भवानीबाईंच्या हातात तीन दिवस लेकीचा हात होता, आणि तो जिवंत माणसाचा आहे हे त्यांना शेवटपर्यंत कोणी पटवू शकले नाही.