अंबाडी नसलेली दोन वर्षे

मित्रांनो, मेळघाटातल्या एका सागाच्या बुंध्यातून मला कोरून काढले, तेव्हा मी रडले असेन. पण लाकडाचे रडणे लवकर वाळते. मी काठवट, भाकरीचे पीठ मळायचे उथळ लाकडी भांडे. अचलपूरच्या सुताराने मला घडवले, आणि अकोल्याच्या बाजारातून नत्थुजी नावाच्या शेतकऱ्याने पातूरकडच्या आपल्या घरी नेले.

त्याची बायको मनकर्णा रोज सकाळी माझ्यात ज्वारीचे पीठ मळी. गरम पाण्याची वाफ माझ्या रेषारेषांत शिरे. त्यांची सहा वर्षांची मैना भाकरीवर अंबाडीची आंबट भाजी घेई, वर तेलाची धार, शेजारी म्हशीच्या दुधाची वाटी. त्या ताटाचे मोल तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, मलाही नव्हते.

पेरणीच्या दिवशी मिसळीचे, म्हणजे कापसासोबत पेरायचे, बी माझ्यातच भरून शेतावर नेत. पुढे नत्थुजी पेरणीची तिफण हाकी. तिच्यामागे सरते, म्हणजे बांबूची एक पोकळ नळी, बांधलेले असे. मनकर्णा मागून चालत त्या नळीत मूठमूठ तूर, मूग आणि अंबाडी सोडी. कापसाच्या काही ओळींमागे एक ओळ घरच्या पोटाची, अशी तिथली रीत होती.

मग सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई पेटली आणि आमच्या काळ्या मातीतला कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. त्या मृगात नत्थुजीने तिफणीचे सरते सोडून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, फेकले.

“अवो, हे काय करून राहिले?” मनकर्णा मला कमरेवर घेऊन उभी होती. “तूर कुठी पेरू?”

“तुरीच्या जागी बी कापूसच. ज्वारीच्या वावरातबी कापूस.”

“अन् खाऊ काय? सरकी?”

“गहू खाजो, तांदूळ खाजो! बजारात काय नाई भेटत? अंबाडी तं गरिबाचा पाला हाय वं.”

ती हसली नाही. माझ्यातले बी तसेच घरी परतले.

ज्वारी नाही म्हणून कडबा नाही, आणि कडबा नाही म्हणून म्हैस विकली गेली. घरात पांढरा तांदूळ आला, साखर आली, तळलेल्या पुऱ्या आल्या. गव्हाचे मऊ पीठ माझ्यात पडले आणि, मित्रांनो, आज कबूल करते, मी मोहरले. पाहुणे म्हणत, “नत्थुजीच्या घरी रोजच दिवाळी!” ती स्तुती मला माझीच वाटली. पुढे पितळेची परात आली, आणि मी चुलीमागे राखेने भरले.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात, दिवेलागणीला मैना माझ्यावर अडखळून पडली. दुसऱ्या दिवशीही पडली. मग ती भिंतीला हात लावून चालू लागली.

नत्थुजी थट्टा करी, “राजकन्या झाली आमची मैना! दिव्याबिगर पाऊल नाई टाकत.”

“बाबा, मले अंधार लवकर होते,” ती म्हणे.

तो हसे आणि तिच्या हातावर साखर ठेवी. हे वाक्य मनावर घेणारी मी एकटी होते, आणि मला तोंड नव्हते.

संक्रांतीला नत्थुजीची थोरली बहीण दुर्गाबाई आली. सुईणपण करणारी ती बाई. तिने पोरीचे तोंड उजेडाकडे फिरवले. उजव्या डोळ्यावर पांढुरका डाग चढू लागला होता.

“नत्थू, पोरीले पाला कधी देल्ला होता?”

“आक्का, साखर खाते ते! पुऱ्या खाते!”

“म्या पाला इचारला. दूध इचारलं.”

नत्थुजीने म्हशीच्या रिकाम्या खुंट्याकडे पाहिले.

“रातांधळी झाली पोर, बाप्पा. कापूस का चारून राहिला तिले?”

त्या दुपारी मनकर्णा अंबाडी शोधत निघाली. पण साऱ्या शिवारात सगळ्यांनीच सरते सोडले होते. जिकडेतिकडे वेचून झालेल्या कापसाच्या काड्या. तिसऱ्या गावी एका म्हातारीच्या परसात शेवगा सापडला. मनकर्णाने मला राखेतून काढून धुतले, शेवग्याचा पाला माझ्यातच चुरला. नत्थुजीने दुभती म्हैस आणली, आणि रोज स्वतःच्या हाताने तो लेकीला भरवू लागला.

होळीपर्यंत मैना भिंत सोडून चालू लागली. डावा डोळा वाचला. उजव्यात मात्र फूल पडले, ते कायमचे.

एकदा तिने जेवताना विचारले, “बाबा, आता तं दिसते मले. मंग रोज भाजी कायले?”

“दुसऱ्यासाठी, माय,” तो म्हणाला. त्याच्या मनात उरलेला डोळा होता; तिला वाटले, फूल पडलेलाही उघडेल. ती आनंदाने जेवत राहिली. तो उठून बाहेर गेला.

मित्रांनो, मी आता तडकले आहे. तरी एक विनवणी करते. अन्न भारी की हलके हे पाहुण्यांच्या नजरेने ठरवू नका; जाड्या धान्याला, आंबट पाल्याला, साध्या डाळीला घरातून हाकलू नका. शरीर तक्रार करते, पण फार हळू आवाजात. आज ताटात हिरवी भाजी पडली असेल, तर ती बाजूला सारू नका. मैनेच्या ताटात ती आली होती. एका डोळ्याइतकी उशिरा.