गावदिनाला पाहुणा कोण

आमच्या हाताफोऊ गावात आता एकोणीस माणसं राहतात. घरं मात्र साठाच्या वर आहेत. मी लहान होते तेव्हा रविवारी चर्चमध्ये बसायला जागा मिळायची नाही, आम्हा मुलींना खिडक्यांत बसवायचे. पुढे आमच्या निउए बेटावर विमानतळ झाला. सगळ्यांना वाटलं, आता जग निउएला येणार. झालं उलटंच, निउए उठून ऑकलंडला गेलं. आज तिकडे न्यूझीलंडमध्ये आमची माणसं इथल्यापेक्षा कितीतरी पट आहेत, आणि इथे गावातली कोंबडी देखील नावानिशी माहीत आहे.

पण गावदिन आम्ही सोडला नव्हता. बेटावरच्या प्रत्येक गावाचा वर्षातून एक दिवस असतो. त्या दिवशी यजमान गावानं रांधायचं, नाचायचं, वाढायचं, आणि बाकीच्या गावांनी हात हलवत येऊन जेवायचं.

सगळ्या गावांच्या यंदाच्या बैठकीत शेजारच्या वाईलोटो गावचा प्रमुख इकीपा खाकरला, तेव्हाच मला कळलं की काहीतरी नको ते येतंय.

"विलितामा, राग मानू नकोस," तो म्हणाला, "पण तुमचा गावदिन आमच्या गावदिनात घालून टाकू. तुमच्याकडे माणसं कुठायत? गेल्या वर्षी नाचात तिवामावशी दोनदा आल्या. एकदा मुलींच्या रांगेत, एकदा आज्यांच्या."

"मुलींच्या रांगेत मला टाळ्या जास्त पडल्या," मी म्हटलं.

सगळे हसले. विलितामा हसला नाही. तो माझ्या भावाचा मुलगा, आणि आमच्या गावाचा प्रमुख. तो उठून म्हणाला, "यंदाचं एक वर्ष द्या. सगळ्या बेटाला आम्ही पोटभर जेवू घालू."

"आपल्याच माणसांच्या जोरावर?" इकीपानं विचारलं. "उसनी माणसं चालायची नाहीत."

"आपल्याच माणसांच्या जोरावर."

मग तो मला गाडीतून घरी सोडायला आला. माझ्या अंगणात उतरल्यावर पायरीवर बसून राहिला. "आत्या, बोलून तर बसलो. आजोबांनी चालवला, बाबांनी चालवला, आणि माझ्या हातून जाणार. ऑकलंडहून कोणी येईल म्हणावं तर विमानात जागा नाही."

"ऑकलंड कशाला? आपली माणसं इथेच आहेत की. लग्न करून दुसऱ्या गावात गेली, एवढंच. ज्याची आजी-पणजी हाताफोऊची, तो आपला. इकीपाला विचार, त्याला तरी नाही म्हणता येईल का?"

"कोणाची आजी कुठली, हे आता आठवतंय कोणाला?"

"मला," मी म्हटलं, आणि फोन जवळ ओढला.

त्या आठवड्यात मी बेटावरच्या बहुतेक घरांत फोन केले. लिकू गावातल्या शिक्षिकेला सांगितलं की तुझी आजी आमच्या विहिरीवर भांडायची. आलोफीतल्या पोलिसाला सांगितलं की तुझ्या पणजीची कबर अजून आम्हीच झाडतो. प्रत्येकाला म्हटलं, यंदा पाहुणा म्हणून येऊ नकोस, घरचा म्हणून ये, काहीतरी रांधून आण, आणि कोणाजवळ बोलू नकोस, इकीपाच्या कानावर जाईल. त्याला तेवढा मी फोन केला नाही. आम्ही शब्द पाळला की नाही, याचा न्याय तोच करणार होता.

आमच्या बेटावर गुपित दुपारपर्यंत टिकत नाही. हे टिकलं. तिथेच घोळ झाला.

गावदिनाच्या सकाळी उजाडता उजाडता पहिली गाडी आली. लिकूची शिक्षिका उतरली, मागे भाजलेलं डुक्कर. विलितामाचा चेहरा उजळला. मग पोलीस आला, नारळखेकड्यांच्या टोपल्या घेऊन. मग मुतालाऊहून एक अख्खं कुटुंब, नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळकुड्या आणि पपई पानांत बांधून. मग गाड्यांची रांग लागली ती थांबेचना. जो उतरतो त्याच्या हातात भांडं. एकमेकांना बघून सगळे चपापत होते.

"तू इथे कसा?"

"माझी आजी इथली. तू?"

"माझीपण."

आठ वाजेपर्यंत मैदानात मावणार नाहीत एवढे यजमान जमले. पाहुण्यांसाठी अंथरलेल्या केवड्याच्या चटया रिकाम्या. विलितामा माझ्याजवळ आला. "आत्या, वाढायचं कोणाला?"

घरं किती ते मी मोजलं होतं, पाहुणे किती उरतील ते नाही. आजी एक असली तरी नातवंडं पन्नास असतात.

तेवढ्यात इकीपा आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फक्त रुमाल. तो चटयांपाशी उभा राहिला, आणि समोर भांडी घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या बेटाकडे बघत राहिला.

"बसा," विलितामा म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

इकीपा एकटा बसला. आणि मग वाढणं सुरू झालं. प्रत्येक घराला वाटे की आपलं त्यानं चाखलंच पाहिजे. शिक्षिकेनं डुकराचा सगळ्यात चांगला तुकडा वाढला, पोलिसानं खेकडा फोडून दिला. नकार द्यावा तर त्या घराचा अपमान. बिचारा घामाघूम झाला. मुलींनी त्याच्या एकट्यासमोर अख्खा नाच केला, त्याला मध्येमध्ये टाळ्याही वाजवाव्या लागल्या.

शेवटी त्यानं पानावर हात आडवा धरला. "मावशी, पुरे. तुमची माणसं मोजून झाली माझी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सगळ्यांना बोलावलंत. मलाच नाही. माझी कोणी नव्हती का इथे?"

"होती की. तुझ्या आईची आजी, फुआलीमा. चर्चच्या मागचं घर. बुरशी चढलीय, पण भिंती उभ्या आहेत."

त्यानं रुमालानं तोंड पुसलं. मग उठला, शर्टाच्या बाह्या वर केल्या, पोलिसाच्या हातातली टोपली घेतली आणि त्यालाच चटईवर बसवलं. "बैस. आता मी वाढतो." मग शिक्षिकेला बसवलं, मग मुतालाऊकरांना. आळीपाळीनं सगळं बेट जेवलं.

संध्याकाळी भांडी घासताना विलितामानं त्याला विचारलंच, "मग पुढच्या वर्षी गावदिन कोणाचा?"

"आपला," इकीपा म्हणाला. "पण मी पाहुणा व्हायचो नाही, आधीच सांगतो. पोट फुटायची वेळ आली होती."

"मग पाहुणे आणायचे कुठून?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. ऑकलंडमध्ये तेव्हा रात्रीचं जेवण चाललं असणार. मी हात पुसले आणि फोन शोधायला घरात गेले.