गजाननची दोन वाक्यं

“मालती, ही राणी कोणी सरकवली?”

भास्कररावांनी हाक मारली तेव्हा मालतीबाई स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. भास्करराव कॅरमकडे बघत तसेच उभे राहिले. भर दुपार, पावडर उडू नये म्हणून पंखा बंद, अंगावर घामाच्या धारा. आणि तरी त्यांच्या हातावर काटा आला होता.

आता साठी उलटलेल्या माणसाने दिवाणखान्यात कॅरम मांडला कशाला, ते आधी सांगायला हवं. भास्करराव मूळचे चिपळूणचे, सिल्वासात सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. जन्मभर फायलींवर साहेबांच्या सह्या घेतल्या, पण मंडळाच्या गणपतीतलं नाटक दरवर्षी स्वतःच्या नावावर. बावीस वर्षं खंड नाही. यंदा मात्र घोडं अडलं. महिनाभर कागद पुढ्यात, पेन हातात, आणि पहिलं वाक्य काही केल्या फुटेना. मंडळाचा सेक्रेटरी निलेश रोज फोन करी, “काका, संडेला वाचन फिक्स हां! हॉलवाल्याला हो बोलून टाकलंय.”

“असे बसून राहिलात तर अंडं पडेल, नाटक नाही,” मालतीबाई शेवटी वैतागल्या. “उठा, खेळा काहीतरी!” आणि माळ्यावरचा कॅरम त्यांनीच काढून दिला.

कॅरम ही भास्कररावांची जुनी युक्ती. बोर्ड म्हणजे रंगमंच. काळ्या सोंगट्या पुरुष, पांढऱ्या बायका. कोण कुठून येणार, कुठं उभं राहणार, सगळं आधी इथं ठरायचं. आणि तांबडी राणी म्हणजे कायम गजानन.

गजानन जळगावकडचा, जवळच्याच नरोलीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. तो स्टेजवर आला की तोंड उघडायच्या आधीच लोक हसायचे. पण पुढे पुढे वाक्यं विसरायला लागला. गेल्या वर्षी भास्कररावांनी त्याला नाटकातून काढलं आणि पडद्याची दोरी हातात दिली.

“दोनच वाक्यं दे ना भो,” गजानन म्हणाला होता. “दोन तर मी इसरणार नाही.”

“पुढच्या वर्षी बघू,” भास्कररावांनी तोडून टाकलं.

पुढचं वर्ष गजाननला मिळालंच नाही. होळीच्या आधी तो झोपेतच गेला. पेन का अडलंय हे भास्कररावांना पक्कं ठाऊक होतं, पण तोंडाने कबूल कोण करणार!

सोमवारी त्यांनी राणी डबीतच ठेवली आणि उरलेल्या सोंगट्यांशी पोरखेळ मांडला. एका काळीला बँक मॅनेजर केलं, एका पांढरीला भाजीवाली, आणि आवाज बदलून दोघांना कचाकचा भांडायला लावलं. एकटेच खो खो हसले. आणि काय गंमत, हसता हसता लिहायलाच लागले! चार पानं झाली. मंगळवारी बघतात तर राणी बोर्डावर, डाव्या कोपऱ्यात. पडद्याची दोरी असते त्या जागी. त्यांनी ती मुकाट्याने डबीत टाकली आणि पुढं लिहीत राहिले. बुधवारी पुन्हा तिथंच. या वेळी तिला हात लावायचा धीर झाला नाही. आज गुरुवार. आज राणी कोपऱ्यातून चार बोटं पुढं येऊन थांबली होती आणि तिच्यामागे पावडरीत बारीक रेघ उमटली होती.

मालतीबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. “खरं सांगू? मंगळवारी मीच ठेवली. गजाननभावजींचं नावसुद्धा काढत नव्हतात तुम्ही. म्हटलं, निदान दिसू दे डोळ्यांना.”

“आणि काल?”

“काल मी दिवसभर वापीला नव्हते का, बहिणीकडे?” बोलता बोलता त्या थबकल्या. रेघेकडे बघत राहिल्या. “आजही मी नाही हो. गणपतीशप्पथ!”

“मीही नाही,” भास्करराव म्हणाले.

मालतीबाईंचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला.

“नको, राहू दे. तो एन्ट्रीसाठी थांबलाय.”

भास्करराव खुर्चीत बसले. भीती वाटत होती, पण पेन अडलं नाही. बँक मॅनेजर आणि भाजीवाली भांडत असतात, तेवढ्यात पडदा ओढणारा माणूस दोरी सोडून रंगमंचावर येतो. त्याला दोनच वाक्यं. ‘मी इथंच होतो. तुमचा पडदा मीच उघडत आलोय.’

पूर्णविराम देऊन त्यांनी मान वर केली. मालतीबाई शेजारीच उभ्या होत्या, पिठाचे हात पोटाशी धरून. राणी बोर्डाच्या मधोमध, वर्तुळात आली होती. मागची रेघ कोपऱ्यापासून तिथवर सरळ होती, कुठं अडखळलेली नाही.

मालतीबाईंनी नवऱ्याचा खांदा घट्ट धरला. राणी वर्तुळातच थबकून राहिली, वाक्य आठवत असल्यासारखी.

पूर्वी गजानन असा ऐन वेळी गप्प झाला की भास्करराव विंगेतून वाक्य फेकायचे आणि वर दातओठ खायचे. आज त्यांनी कागद पालथा ठेवला आणि खुर्ची बोर्डाजवळ ओढली.

“घाई नाही, गजा,” ते म्हणाले. “आठवेल तेव्हा बोल.”