मागे वळून पाहण्याचे पान

विभागप्रमुख दिनेश सरांनी निळी प्लॅस्टिकची फाइल छायाच्या हातात ठेवली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "भगीरथचा निबंध तुम्हीच वाचून टाका. त्याची जीप किन्हवलीच्या अलीकडे बंद पडलीय. फोन लागला आणि तुटलाही."

"मी वाचू?"

"दुसरं कोण आहे? आपल्या विभागातून तुम्ही दोघांनीच निबंध दिलेत. नुसता सारांश वाचलात तरी चालेल. पाच मिनिटांत उरका, मग तुमचा सावकाश होऊ दे."

मुरबाडच्या त्या कॉलेजच्या सभागृहात सत्तर-ऐंशी माणसे बसली होती. व्यासपीठामागच्या फलकावर दोन अमेरिकन कादंबरीकारांचे चेहरे समोरासमोर छापले होते, हेन्शॉ आणि कोल. दोघे एकाच गावचे. तरुणपणी एकाच वर्तमानपत्रात, शेजारच्या टेबलांवर बसलेले. पुढे त्यांच्या मुलखात धरण झाले, एक गाव पाण्याखाली गेले, आणि दोघांनीही त्या गावावर कादंबरी लिहिली. विषय कोणी कोणाचा चोरला, यावरून ते एकतीस वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. चर्चासत्र त्या वैरावरच होते.

छाया आणि भगीरथ यांच्यात वैर नव्हते. दोघे तासिका तत्त्वावर शिकवत. तीन वर्षे एकाच कपाटाचा एकेक कप्पा वापरत होते. पण इंग्रजीची कायम जागा एकच निघाली होती, आणि निवड समितीवर ज्या बाई येणार असे सगळे धरून चालले होते, त्याच आज सत्राध्यक्ष म्हणून समोर बसल्या होत्या. जागेची जाहिरात आल्यापासून छाया जवळ आली की भगीरथ आपले कागद पालथे करायचा. तीही तेच करायची.

"तुम्ही कोणाच्या बाजूनं लिहिताय, सर?" तिने एकदा विचारले होते.

"कोनाच्याच नाय, मॅडम."

मग लिहितो तरी काय हा? तीन आठवडे हा प्रश्न तिच्या डोक्यात कुठेतरी खुटखुटत राहिला होता.

ती उभी राहिली. भगीरथचे नाव सांगितले, सारांश वाचला. अर्ध्या पानाचा तो कोरडा मजकूर संपला आणि दिनेश सरांनी पहिल्या रांगेतून मान हलवली. खाली बसायला हरकत नव्हती. तिने पान उलटले ते केवळ पाहावे म्हणून, आणि पाहता पाहता मोठ्याने वाचू लागली.

इंग्रजी साधे होते, छोट्या वाक्यांचे. टीकाकारांनी दोघांची भांडणे मोजली, असे त्यात म्हटले होते, पण दोघांचे एकमत कुठे झाले ते कोणी पाहिले नाही. वाचता वाचता छायाला पुढच्या ओळीची घाई होऊ लागली. चौथ्या पानाच्या तळाशी वाक्य संपले. तिने त्या पानाची कड उचलली, आणि पाचव्या पानावर इंग्रजी मजकुराच्या मधोमध देवनागरीतली एक ओळ तिच्या नजरेला आली. तिने ती मनातल्या मनात वाचली आणि थांबली.

तिच्या स्वतःच्या निबंधाचा जीव एका प्रसंगात होता. गाव सोडताना हेन्शॉची शेतकरीण टेकडीवरून मागे वळून पाहते. त्या पाहण्यावर छायाने तीन पाने लिहिली होती. कोलकडे हे नाही, हेन्शॉ मोठा ठरतो तो इथे, असे तिचे म्हणणे होते. ती पाने तिने आईलाही मराठीत करून सांगितली होती, आणि आईने डोळ्यांना पदर लावला होता.

तिने पाचव्याचीही कड उचलून पाहिली; सहाव्या पानावर नवे उपशीर्षक होते. पाचवे गाळले असते तर कोणाला कळलेही नसते. चौथा आणि पाचवा कागद तिच्या अंगठ्याखाली एकत्र धरलेले होते. सभागृहात कोणीतरी खोकले.

तिने अंगठा सरकवला आणि पाचवे पान वाचले.

कोलच्या कादंबरीतही माणसे मागे वळून पाहतात, असे भगीरथने लिहिले होते. धरणाच्या इंजिनियरच्या गाडीच्या आरशात ती दिसतात, एवढाच फरक. दोघांचे एकमत झाले ते इथे, आणि दोघे चुकले तेही इथे. माझी आजी सावळी डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावर राहते. धरणासाठी तिचा जुना पाडा उठला तेव्हा ती नवी नवरी होती. मागे वळून पाहिलेस का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली —

छायाने ती ओळ मराठीतच वाचली. "जातं डोक्यावर असल्यावर मान वळते का रं?"

मागच्या बाकांवरची मुले हसली आणि लगेच गप्प झाली. अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवले.

छायाने उरलेली पानेही वाचली. सतरा मिनिटे लागली. नंतर तिने आपला निबंध वाचायला घेतला. ती तीन पाने तिने लिहिली होती तशीच वाचली, पण ती संपल्यावर कागद खाली केला.

"ही पाने मला पक्की वाटत होती. आता तशी खात्री नाही."

"का नाही?" अध्यक्षबाईंनी विचारले.

"ते मला अजून सांगता येत नाही."

बाईंनी काहीतरी लिहून घेतले. काय, ते दिसले नाही.

भगीरथ जेवणाच्या वेळेला पोचला. शर्टाच्या बाहीला ग्रीस लागले होते. ताटांच्या रांगेत तो तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"सगळा वाचलात, मॅडम?"

"सगळा."

"आजीचं पन?"

"हो."

त्याने ताट उचलले. "मी असतो तर गाळलं असतं. सकाळीच ठरवलं होतं. लोकं हसतील म्हनून."

"हसली पोरं. थोडीशी."

"मग?"

"मग गप्प बसली." तिने वाटीत आमटी घेतली. "पण सर, मागं नाही बघितलं, तर आजींनी बघितलं कुठं?"

भगीरथने मान वर केली. "ते नाय विचारलं."

एप्रिलमध्ये यादी लागली. जागा भगीरथला मिळाली. "दुसऱ्याचं वाचत बसायला कोणी सांगितलं होतं तुला?" आई म्हणाली. छायाने भगीरथला अभिनंदनाचा मेसेज टाकला, आणि नंतरचे चार दिवस त्याचा फोन उचलला नाही. वाशिंदच्या एका कॉलेजात जूनपासून तास मिळणार होते. त्यासाठीचा अर्ज ती भरून आली. पाचव्या दिवशी तिनेच फोन लावला.

"आजी घरी असतात का?"

"आजी?" भगीरथ गोंधळला. "असते की. जाते कुठं?"

पाड्यावर सावळी दारासमोरच्या सावलीत चिंचा फोडत बसली होती. भगीरथने खुर्ची आणली, पण छाया जमिनीवरच टेकली. म्हातारीने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

"हीच का रं, तुजं वाचलं ती?"

"हीच."

"आजी," छाया म्हणाली, "तुम्ही पाडा सोडलात तेव्हा मान वळत नव्हती. मग तुम्ही बघत कुठं होतात?"

सावळीचा हात थांबला. हे तिला आजवर कोणी विचारले नसावे.

"टाचा," ती म्हणाली. "म्होरं चालत व्हती तिच्या टाचा. दीसभर त्याच बगत आले. भेगाळलेल्या, एकीतून रगत येत व्हतं."

"कोणाच्या होत्या?"

"तेच तर! मान वर करून बगावं तर जातं पडंल." सावळी पुढे सरकली, जणू गोष्ट कालचीच होती. "नव्या जाग्याला जातं उतरवलं नि आदी साऱ्याजनींच्या टाचा बगत फिरले. समद्यांच्या तशाच. चिखलानं माखलेल्या, भेगांतून रगत."

"मग?"

"मग काय बाय. कुनाच्या ते कळलंच नाय. दोन-तीन वर्सं मी विहिरीवं बायांच्या पायांकडंच बगायचे."